आधी खोली दाखवा

माणसाचे किस्से तयार व्हायला फार काही लागत नाही. एक खोड लागते आणि ती लक्षात ठेवणारे चार मित्र लागतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. आमच्या लॅबमध्ये साडेदहाचा चहा आला की कुणीतरी विषय काढतोच. एखादा नवीन ट्रेनी असला तर त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगणारा बहुतेक वेळा लॅबमधलाच माझा मित्र उतेकर असतो. तो हातवारे करून सांगतो आणि मी कपात बघत बसतो.

आज मीच सांगतो. मी सांगितलं तर हसू थोडं कमी येईल, एवढंच.

मी महाड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मायक्रोबायोलॉजी विभागात आहे. राहायला बिरवाडीला. आमचं काम म्हणजे जंतू शोधायचे. पाण्यात, हवेत, मशिनवर, माणसांच्या हातमोज्यांवर. आता दिवसभर जंतू शोधणारा माणूस सहलीला गेला म्हणून थांबतो का? लॉजच्या काउंटरवर माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी खोली दाखवा." मग मी एकटा वर जातो. माझी बायको वैशाली, मुलगी जुई आणि उतेकरची मंडळी खाली सामानापाशी उभी. मी गादीचा कोपरा उचलून शिवण बघतो, उशीचा वास घेतो, बेसिनच्या मागे टॉर्च मारतो. मॅनेजर दारात उभा राहून माझ्याकडे बघतो.

"हा खोली घ्यायला येत नाय, धाड टाकायला येतो," असं उतेकर सांगतो. ते खरं आहे.

* * *

हे सुरू कुठून झालं ते आधी सांगायला हवं.

जुई दोन वर्षांची होती. मे महिना होता. आम्ही तिघं दापोलीच्या बाजूला समुद्रकाठी एका घरगुती लॉजवर गेलो होतो. एक म्हातारे काका आणि त्यांची बायको मिळून ते चालवायचे. चारच खोल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जुईला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. काकू साखर-मिठाचं पाणी करून घेऊन आल्या. मी ते घेतलं नाही. "तुमच्या पाण्यानंच झालंय हे," असं त्यांना दारातच सांगितलं, सामान गाडीत टाकलं आणि महाड गाठलं.

जुईला ॲडमिट करावं लागलं. एवढासा हात, त्यात शीर सापडेना. तीन वेळा टोचलं तेव्हा सलाईन लागलं. तिसऱ्या वेळी तिचं रडूही थांबलं होतं, नुसती बघत होती माझ्याकडे. मी बाहेर बाकड्यावर येऊन बसलो आणि मोबाईल काढून त्या लॉजला एक स्टार दिला. खाली लिहिलं, "खोल्या घाणेरड्या. पाण्यात जंतू. लहान मुलांना नेऊ नका. मी स्वतः मायक्रोबायोलॉजिस्ट आहे."

संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले. त्यांनी विचारलं, "प्रवासात काय खाल्लं होतं हिनं?"

"बाहेरचं काही नाही," वैशाली म्हणाली. "हिचे पप्पा देतच नाहीत. घरून नेलेला दहीभातच दिला."

"कधी कालवलेला?"

"पहाटे सहाला. दुपारी दोन-अडीचला गाडीत भरवला."

दहीभात मी कालवला होता. डबाही मीच भरला होता, लॉजचं जेवण नको म्हणून. तो डबा आठ तास उन्हात गाडीच्या मागच्या काचेखाली होता. डॉक्टर मला ओळखतात, मी कुठे कामाला आहे तेही त्यांना माहीत आहे. ते फक्त कागदावर लिहीत राहिले. त्यांनी ओरडायला हवं होतं.

चार दिवसांनी मोबाईलवर त्या लॉजच्या काकांचं उत्तर आलं. माझ्या एका स्टारच्या खाली त्यांनी लिहिलं होतं, "आपली मुलगी आता कशी आहे? कळवावे."

मी कळवलं नाही. काय कळवणार? स्टार काढून टाकायचा असं रोज ठरवायचो. पण काढायचा तर पुन्हा ते उत्तर वाचावं लागणार, म्हणून उघडायचोच नाही. दोनेक वर्षांनी धीर करून उघडलं, तर लॉजच्या नावापुढे "कायमचे बंद" असं आलं होतं.

आता यातून माणसानं काय शिकावं? स्वतःच्या डब्याकडे बघावं. मी उलटंच शिकलो. त्या दिवसापासून आमच्या सामानात एक जादा बॅग आली. त्यात चादरी, उशांचे अभ्रे, स्पिरिटची स्प्रेची बाटली, हातमोजे. शिवाय वीस लिटरचा घरच्या पाण्याचा कॅन.

* * *

कोल्हापूरचा किस्सा उतेकरचा सगळ्यात आवडता.

आमची दोन कुटुंबं होती, समोरासमोरच्या खोल्या. सकाळी मी उठलो आणि बघतो तर जुई झोपली होती तिथे चादरीवर तपकिरी डाग. हाताच्या तळव्याएवढा. मी तसाच बनियनवर खाली गेलो आणि मॅनेजरला वर घेऊन आलो. साठीतला माणूस, कपाळाला गंध, पायात स्लिपर. त्याला डाग दाखवला आणि मग मी थांबलोच नाही. रक्ताचा डाग म्हणजे काय काय असू शकतं, त्यातून काय काय होऊ शकतं, याच्यावर मी त्याला दहा मिनिटं लेक्चर दिलं. आवाज चढला तशी बाकीच्या खोल्यांची दारं उघडली. कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या हातात टॉवेल.

तो माणूस सगळं ऐकून घेत होता. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तो पुढे झाला आणि चादरीचा कोपरा उलटून बघितला. मग दुसरा कोपरा.

"साहेब," तो म्हणाला, "आमच्या चादरीवर लॉजचा शिक्का असतोय. ही खाली आहे बघा आमची, पांढरी. ही वरची तुमची असंल."

वैशाली म्हणाली, "चॉकलेट आहे ते. काल रात्री ही ते हातात धरूनच झोपली होती."

मॅनेजर जाता जाता वळला. "धुवायला टाकायची असली तर द्या, आमच्यात टाकतो," म्हणाला. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होता.

* * *

तिसरा किस्सा लॅबमधलाच आहे, आणि याच्यात मला मेमो मिळाला.

महाबळेश्वरहून येताना मी खोलीतल्या टीव्हीच्या रिमोटचा, लाइटच्या बटणाचा आणि नळाचा स्वॅब घेऊन आलो. स्वॅब म्हणजे कापूस लावलेली निर्जंतुक काडी. ती जागेवर फिरवायची, मग काचेच्या थाळीतल्या जंतूंच्या खाद्यावर फिरवायची आणि थाळी उबेत ठेवायची. दोन दिवसांत जिथे जंतू असतील तिथे ठिपके उगवतात. कंपनीच्या इनक्युबेटरमध्ये बाहेरचं काही ठेवायचं नसतं हे मला माहीत होतं. मीच ते नव्या मुलांना शिकवतो. तरी मागच्या कप्प्यात तीन थाळ्या सरकवल्या. उतेकरला दाखवायचं होतं की माझं डोकं फिरलेलं नाही.

दोन दिवसांनी कप्पा उघडला तर थाळ्या चार होत्या. तीनमध्ये तुरळक ठिपके, कुठे पाच, कुठे आठ. चौथीत मोजायला जागाच नव्हती. साय धरल्यासारखं झालं होतं.

"ही कुठली?" मी विचारलं.

"तुझ्या मोबाईलची," उतेकर म्हणाला. "तू हात धुवायला गेलास तेव्हा घेतला स्वॅब."

तेवढ्यात आमच्या इन्चार्ज मॅडम आल्या. त्यांनी ती थाळी उचलून उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, औषधाची एखादी बॅच वाया गेली. "कुठल्या लाइनवरचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"लाइनवरचं नाही मॅडम," मी म्हणालो. "माझ्या खिशातलं आहे."

मेमो मला एकट्यालाच मिळाला. मी उतेकरचं नाव सांगितलं नाही. तो मात्र हे सांगताना नेहमी म्हणतो की मेमो दोघांना मिळायला हवा होता. तेवढं बरं वाटतं.

* * *

इथपर्यंतचं लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पुढचं तसं चहाबरोबर सांगण्यासारखं नाही.

जुई आता तिसरीत आहे. दिवाळीनंतर तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. बिरवाडीत भाड्याच्या खोल्यांमधून बाहेरची पुष्कळ कामगार कुटुंबं राहतात, त्यातलीच एक मुलगी जुईच्या बाकावर नवीन आली होती. तिचे वडील आमच्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे पिंपं उचलायच्या कामाला.

बाई म्हणाल्या, "ती मुलगी फळ्याकडे गेली की जुई तिची जागा रुमालानं पुसते. वहीला हात लावला तर वही पुसते. तिला विचारलं मी, अगं असं का करतेस? तर म्हणाली, दुसऱ्याच्या जागेवर आधी पुसून घ्यायचं, असं पप्पांनी सांगितलंय."

मी म्हणालो, "तसं नाही हो बाई, ते हॉटेलच्या बाबतीत—"

"ती मुलगी गेले चार दिवस घरून ओला रुमाल घेऊन येते," बाई म्हणाल्या. "आल्या आल्या स्वतःच बाक पुसून ठेवते. मग बसते."

घरी येऊन जुईला समोर बसवलं आणि सांगितलं की माणसांच्या बाबतीत असं करायचं नसतं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग हॉटेलमध्ये कोण झोपलेलं असतं आधी?"

वैशाली पोळ्या करत होती. तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "द्या उत्तर," म्हणाली.

* * *

उमरठला उतेकरचं घर आहे, पोलादपूरवरून वर डोंगराच्या अंगाला. त्याच्या पुतण्याच्या लग्नाला आम्ही आदल्या दिवशी गेलो. मांडवाचं जेवण झालं. उतेकरच्या आईनं आम्हाला माजघराच्या बाजूची खोली दिली. दोन गाद्या, त्यावर फुलाफुलांच्या नव्या चादरी, उशांना धुतलेले अभ्रे. उन्हात वाळवलेल्या कापडाचा वास येत होता.

इथे एक सांगायला हवं. आम्ही मूळचे तुडीलच्या बौद्धवाडीतले. माझा बाप त्या खोऱ्यातल्या घरांना कौलं शाकारायला जायचा. कौलांवर चढायचा, पण घराच्या आत कधी गेला नाही. आणि मला उतेकरच्या आईनं माजघराशेजारी गादी घातली होती. तिला ते सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. पण तिनं घातली होती, आणि जुईच्या उशाशी पाण्याचा तांब्याही झाकून ठेवला होता.

मी दार लोटून घेतलं आणि बॅगेतली स्पिरिटची बाटली काढून उशांवर मारायला लागलो. विचार वगैरे काही केला नाही. हात आपोआप जातो तो. वैशाली "अहो" म्हणेपर्यंत दोन उशा झाल्या होत्या. मागे बघितलं तर दारात उतेकरची आई, हातात घोंगडी.

तिला बाटली कळली नसेल, पण वास कळला. दवाखान्याचा वास. तिनं उशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आमचं चालत नाय काय तुमाला?" तिनं विचारलं.

अगदी हळू विचारलं. रागानं नाही. असा प्रश्न मी आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण तो नेहमी आमच्या बाजूनं विचारलेला. समोरून कधी ऐकला नव्हता.

"तसं नाही काकी, डास..." मी काहीतरी बोललो. पोलादपूरच्या थंडीत, डास.

तिनं घोंगडी ठेवली, दोन्ही उशा उचलल्या आणि घेऊन गेली. थोड्या वेळानं परत आणल्या. त्यांना तिनं अभ्र्यांच्या जागी दोन लुगडी गुंडाळली होती, घडीसुद्धा न मोडलेली, अजून दुकानाची चिठ्ठी लावलेली. लग्नात द्यायच्या मानाच्या लुगड्यांतली होती ती.

"ह्याला कुणाचा हात नाय लागलेला," ती म्हणाली. "झोपा आता."

मी त्या उशीवर डोकं ठेवून पडलो होतो. झोपलो म्हणता येणार नाही. सकाळी उतेकर अंघोळीला बोलवायला आला, तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. त्यानं बादलीत गरम पाणी काढून दिलं आणि साबणाची नवी वडी फोडून ठेवली. त्याच्या किश्शांमध्ये हा किस्सा अजून आलेला नाही.

* * *

आईला वेरूळची लेणी बघायची होती. तिचं वय सत्तरच्या पुढे. माझ्याबरोबर ती कधी लॉजवर राहिली नव्हती, त्यामुळे माझी पद्धत तिला ठाऊक नव्हती. या डिसेंबरात आम्ही चौघं गेलो.

खोली दुसऱ्या मजल्यावरची होती. मी आधी बघून आलो, पसंत नव्हती, पण तोवर आई जिने चढून वर आली होती आणि दमली होती. फरशी पुन्हा पुसून द्या म्हणून खाली सांगितलं. एक बाई आल्या, पन्नाशीच्या असतील, हातात बादली आणि फडकं. साडीचा पदर खोचलेला. आई खुर्चीत बसली होती. मी दारापाशी उभा राहून सांगत होतो.

"मावशी, ते फडकं नको, दुसरं घ्या. बाटल्यांना हात नका लावू. तो कॅन आमचा आहे, त्याच्यापासून जरा बाजूनं. टॉवेल आणलेत? नको, आत नका येऊ, तिथूनच द्या."

त्यांनी लांबूनच हात पुढे केला. मी हाताला प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि टॉवेल घेतले.

बाई "बरं साहेब" म्हणाल्या. प्रत्येक वाक्याला त्या "बरं साहेब" एवढंच म्हणत होत्या. काम झाल्यावर बादली घेऊन बाहेर गेल्या आणि समोरच्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. कमरेला लावलेल्या पिशवीतून प्लॅस्टिकची बाटली काढली आणि पाणी प्यायल्या.

आई उठली. मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल, म्हणून चप्पल पुढे केली. तिनं चप्पल घातली नाही. अनवाणीच बाहेर गेली आणि त्या बाईंच्या शेजारी पायरीवर बसली.

"कुठली गो तू?" आईनं विचारलं.

बाईंनी कुठलंसं गाव सांगितलं. आईनं मुलं किती, नातवंडं किती, हे सगळं विचारून घेतलं. पाय दुखतात का म्हणून विचारलं. दोघींचेही दुखत होते. मी दारातच उभा होतो. वैशाली आणि जुई माझ्या मागे.

मग आई म्हणाली, "पाणी दे जरा तुझ्यातलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आजी, उष्टं आहे माझं," त्या म्हणाल्या. "साहेबांकडं चांगलं आहे की, घरचं. ते घ्या."

"ते ऱ्हाऊ दे. मला हेच पायजे."

बाई बाटली देईनात. आईनंच हात पुढे करून ती त्यांच्या हातातून घेतली आणि तोंडाला लावून प्यायली. सावकाश, घोट घोट. मग पदरानं ओठ टिपले आणि बाटली माझ्या दिशेनं धरली.

"घे. तू पण पी."

बाई उठून उभ्या राहिल्या. "नको हो आजी," त्या म्हणाल्या, "साहेबांना कशाला?"

आई बाटली धरूनच होती. मी पुढे जाऊन ती घेतली. मान वर केली आणि बाटली तोंडापासून वीतभर वर धरून पाण्याची धार तोंडात सोडली.

"वरनं नको," आई म्हणाली. "तोंड लाव."

मी तोंड लावलं.